वरच्या बरडावरची सरकी

फुलसिंगभाऊ गेले, हे मला राळेगावच्या एसटी स्टँडवर कळले, आणि सांगणाऱ्याने त्याच दमात पुस्ती जोडली, "देवमाणूस होता जी, गुरुजी. बियाण्यात एकदा चुकला, तेवढंच." पुढे त्यांच्या तांड्यावरच्या शोकसभेत दोघा वक्त्यांनी हेच आळवले. मी पहिल्या रांगेत होतो... उठलो नाही. एरवी एक शब्द चुकला तरी भर सभेत वक्त्याला अडवणारा माणूस मी! म्हणून आज, सहा आठवड्यांनी, लिहितो: ही बियाण्याची कथा साफ खोटी आहे, आणि ती मी रचलेली आहे.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. चार महिने पाऊस, आठ महिने कोरड, म्हणून आपली झाडे पाने गाळतात, हे मी फळ्यावर लिहीत असे. फुलसिंगभाऊ तेच टेकडीवर वाचत. माथ्यावर सालई, म्हणजे माती उथळ, उतारावर साग, पायथ्याशी पळस, म्हणजे पाणी धरणारी काळी जमीन. कुणाच्या वावरात काय पेरावे हे ते झाडे पाहून सांगत, आणि निवडलेले बियाणेही देत. मला त्यांनी माझ्या वावराच्या खालच्या पट्टीसाठी देशी कापसाची सरकी दिली होती.

"वर नका टाकू, गुरुजी. वर सालई हाय. तिथं जवारी पेरा."

"काहून? पाऊस वर-खाली एकच पडते ना?"

"पडते एकच, जी. थांबते का एकच?"

बांधावरच्या बाया खळखळून हसल्या. ते हसू मला झोंबले. पावसाआधीच, कोरड्या मातीत, मी त्या सरकीची मुद्दाम वरच्या मुरमाड बरडावर धूळपेर केली. एक सर आली, मग पंधरा दिवस उघाड. रान उगवलेच नाही. मी माती उकरून पाहिली... सरकीला मोड आले होते. ते आतल्या आत करपले होते. बियाणे खणखणीत होते. मी पायाने माती लोटली आणि चावडीवर जाऊन सांगितले, "सरकीच कुजकी निघाली." शिक्षकाचा शब्द! पुढल्या वर्षापासून त्यांच्याकडे बियाणे मागायला कुणी गेले नाही.

भाऊ मात्र भेटले की पूर्वीसारखेच रामराम घालत. त्यावरून मी समजत आलो, की माझी लबाडी त्यांना ठाऊकच नव्हती. हेही खोटे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नी सोनाबाईंना सारे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमाले मालूम हाय. त्यायनं तवाच तुमच्या वावरात जाऊन माती उकरली होती. मी म्हटलं, सांगा गावाले. तं म्हणे, राहू दे, शाळेतले पोरं गुरुजीले हसतीन."

त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून मी वर पाहिले. आढ्याला ज्वारीच्या निवडक कणसांच्या जुड्या टांगल्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"एवढं बियाणं कायले, बाई?"

"गावासाठी, जी. दरसाल निवडून ठेवत. कोणी मांगाले आलं तं, म्हणे..."