चार बोटांची पट्टी

जाळेवाल्या ताईचे हात चालू लागले की तोंडही थांबत नसे. तळ्याकाठच्या खोलीत बसून तिने चाळीस वर्षं जाळी विणली, तीही प्रत्येक भोक आईच्या लाकडी पट्टीवर मोजून, बरोबर चार बोटं. "पिल्लं निसटलीच पाहिजेत," ती गिऱ्हाइकाला सुनवायची, "नाहीतर उद्या काय चिखल खाणार?" आपल्या हातून पुण्यच घडतंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

एका सकाळी धाकटा भाऊ आला. जाळ्याच्या गुंत्यात अडकलेले चार मासे त्याने तिच्यापुढे ठेवले.

"ताई, आता तीन बोटांचं विण. तुझ्या जाळ्यातून सगळा बाजार निघून जातो."

"पिल्लांवर डोळा ठेवतोस? लाज नाही वाटत?"

"आधी चिरून तर बघ."

तिने एक चिरला. तळहाताएवढा जीव आणि पोटात अंड्यांची गच्च गाभोळी. दुसऱ्यातही तेच. ही पिल्लं नव्हतीच, आया होत्या.

तिच्या लहानपणी मासा हातभर वाढल्याशिवाय अंड्यांवर येत नसे. मग ते मासे गेले कुठे? तिच्याच जाळ्यात. जे हातभर वाढेपर्यंत थांबले, ते अंडी घालण्याआधीच बाजारात पोचले. जे जन्मतःच खुजे आणि अंड्यांवर यायच्या घाईचे, ते भोकातून निसटले. त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं झाली, सगळी आईबापांवर गेलेली. मासे काही शहाणे झाले नव्हते. थोराड घराणी तेवढी वर्षागणिक बुडत गेली. चाळण ताईने विणली होती, आणि वर लोकांना शहाणपण शिकवलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही माझी करणी रे," ती म्हणाली. "तीन बोटांचं विणलं तर अजून खुजे होतील."

"माशांचं तू बघशील. माझ्या चुलीचं कोण बघणार?"

त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं होती. ताईने चाकू घेतला आणि आईची पट्टी एक बोटभर तासली. आपण पापच करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठ दिवसांनी जाळं त्याच्या हाती देताना ती म्हणाली, "एखादा मोठा सापडला, तर मारू नकोस."

"वेडी की काय?" भाऊ हसला. "मोठा सापडला तर पहिला तुझ्याच दारात आणीन."

अगदी मायेने म्हणाला तो. ताईला मान वर करवली नाही.