बोंबलांशेजारची कुपी

माझ्या धाकट्या भावाचं रक्त साकळत नाही. नुसता पाय मुरगळला तरी गुडघा आतून रक्ताने भरतो. यंदा त्याला महिन्यातून एकदाच टोचायचं नवं इंजेक्शन मिळालं. "थंड ठेवा," एवढंच नर्सने सांगितलं. आईचा जन्म भिवंडीच्या बाजारात मासळी विकण्यात गेला; तिच्या लेखी थंड म्हणजे बर्फ. तिने कुपीला हात जोडले आणि ती फ्रीझरमध्ये बोंबलांशेजारी ठेवली.

टोचायच्या दिवशी नर्स म्हणाली, "गोठलेलं औषध वाया गेलं. फेका."

मी आईवर खेकसले, "अक्कल हाय का न्हाय तुला?" शिकलेली मी, आठवडाभर तोच फ्रीझर मीही उघडत होते.

पुढची कुपी यायच्या आत भावाचा गुडघा फुगला. आई त्याच फ्रीझरमधला बर्फ फडक्यात बांधून त्यावर धरून बसली.