मेरेआना आंटीचे मोजे

आमच्या मेरेआना आंटीचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. ब्लफ बंदरातल्या तपासणीच्या खोलीत ती अठरा वर्षं बसली. पोपटांच्या बेटावर जाणाऱ्या माणसाला आधी तिच्या चिमट्याखालून जावं लागे. बेटावर उंदीर, बी, माती काहीही बाहेरचं जाता कामा नये, कारण तिथला काकापो पोपट ना उडतो, ना कुणाला घाबरतो. बुटाच्या शिवणीतून ती सुईने माती काढी. एका बड्या साहेबाला तिने विजारीची घडी उलगडायला लावली होती.

"साहेब असाल घरी. इथे तुम्ही नुसते खिसे."

तपासणी संपली की मात्र तिचा चेहरा निवळे. शेल्फावरून स्वतः सूत कातून विणलेल्या लोकरी मोज्यांचा जोड काढून ती हातात ठेवी. लोकर तिच्या भावाच्या मेंढ्यांची. "पाय गार पडले की माणूस चुका करतो," म्हणायची.

त्या वर्षी रिमूची झाडं फळली. तीन-चार वर्षांतून एकदा फळतात, आणि तेव्हाच काकापो अंडी घालतो. बेटावर माझ्यासारखीच पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या फर्गसने हाताने भरवून वाढवलेली हुहाना नावाची मादी पहिल्यांदाच एका अंड्यावर बसली होती. फर्गस आनंदाने वेडा झाला होता. नेमकी तेव्हाच बेटावर झोपडीमागे, ओले कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, काटेरी गवताची सात रोपं सापडली. मेंढ्यांच्या कुरणात उगवतं ते गवत.

आंटीच्या मनात पाल चुकचुकली. "फर्गसकडे कुत्रा आहे. कुत्रा कुरणात लोळतो. अजून काय पाहिजे?"

"आंटी, मी कुत्र्याला महिनाभर शिवलो नाही!"

"सगळे असंच म्हणतात."

तिने अहवाल लिहिला आणि फर्गसला त्या हंगामापुरती बेटबंदी झाली. आठवड्याभरात अंड्यातून पिल्लू निघणार होतं. त्याच्या जागी मला पाठवायचं ठरलं. मला आंटीचा असा राग आला होता की काय सांगू. फर्गस हुहानाच्या खाण्याची वही माझ्या हातात कोंबून मागे न बघता गेला, हे मला जास्तच लागलं.

निघायच्या दिवशी आंटीने माझे केससुद्धा विंचरून पाहिले. मग नेहमीसारखा मोज्यांचा जोड पुढे केला.

"हे पण तपास," मी म्हणाले. निव्वळ तिला डिवचायला.

"माझे मोजे? वाइमारी, डोकं फिरलंय तुझं?"

"तपासणीनंतर देतेस ना? म्हणजे हे कुणी तपासलेच नाहीत. आणि बेटावर गेल्यावर आम्ही ते धुऊन कुठे वाळत घालतो?"

तिने जोड परत घेतला. मग दिव्याखाली बसून तिने मोजा उलटा केला आणि चिमट्याने लोकर उकलू लागली. टाचेजवळ त्याच काटेरी गवताचं एक कुसळ निघालं, तांदळाच्या कणीएवढं. मग आणखी एक. तिने दोन्ही कुसळं तळहातावर घेऊन दिव्याजवळ धरली, तेव्हा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

तिने फोन उचलला. आधी वरिष्ठांना सांगितलं, "बी मीच पाठवलं." मग फर्गसला, "बॅग भर."

फर्गस तासाभरात आला. खोलीच्या दारात आंटी उभी होती. गळ्यातली चिमट्याची दोरी काढून तिने त्याच्या हातात दिली आणि स्वेटरचे दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"आधी माझी तपासणी कर."

वाटलं, तो हसेल, जाऊ दे म्हणेल. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि खिसे, बाह्या, कॉलर, शिवण न् शिवण तपासली.  आंटीने डोळे पुसायला एकदा हात वर केला, तेव्हा तो म्हणाला, "हलू नका आंटी, अजून झालं नाही."