अर्ध्या बोटाची पाचर

बाजारात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. वाण्याच्या दुकानापासून भंगाराच्या वखारीपर्यंत कुठलाही काटा रुसला की काकांना बोलावणं जायचं. पिशवीतून पाणसळ काढायची, काट्यावर ठेवायची, काचेतला बुडबुडा मधोमध आलाय का ते एक डोळा मिटून बघायचं आणि मगच समोर आलेल्या चहाला हात लावायचा, अशी त्यांची रीत. केसाइतका फरकसुद्धा त्यांच्या डोळ्यांना खुपायचा.

अशा माणसाच्या घरातली पाहुण्यांची खाट मात्र डुगडुगत होती. एक पाय अर्ध्या बोटानं आखूड. आणि तो काकांनी स्वतः, मोजूनमापून, करवतीनं आखूड केला होता.

यात काकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. घर दोन खोल्यांचं आणि बसस्थानकापासून चार पावलांवर. लग्न झालं आणि दोघांकडच्या झाडून साऱ्या नातेवाइकांना शहरात कामं निघू लागली. कुणाला दात काढायचा, कुणाला चष्मा बदलायचा. एक दूरचे मामा तर नुसती बस चुकली म्हणून आले आणि नऊ दिवस राहिले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर दिसेनाशी झाली. काकांना तिची दया आली. पण कुणाला तोंडावर बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी उघडली.

आधी खाटेचा पाय झाला. मग मोरीतला नळ असा ढिला केला, की बादलीत दर पाच सेकंदांनी एक थेंब पडावा. मग भिंतीवरचं घड्याळ, ते दर पाव तासाला ठोके देऊ लागलं. शेवटी उशी. तिच्यात कापसाचा असा एक गोळा होता, की डोकं कुठंही ठेवा, तो मानेखालीच यायचा. हे सगळं काट्यासारखं तोलून बसवलेलं होतं. पाहुणा चिडायला नको आणि टिकायलाही नको. सकाळी पाहुणा डोळे चोळत म्हणायचा, "निघतो आता, घरी कामं पडलीत." मग काका राहण्याचा आग्रह करायचे. आग्रह करायला त्यांना फार आवडायचं.

पंचवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग सहा वर्षांपूर्वी ताई आली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलेलं. ती आठ दिवसांच्या बेतानं आली होती, बॅगेचा आकारच सांगत होता. काकांनी ठरवलं होतं, की आपण खाटेखाली पुठ्ठा सारू, नळ आवळू. पण त्या दिवशी बाजारात चार काटे बिघडले, आणि खरं सांगायचं तर नंतर त्यांनी आळस केला. एका रात्रीनं काय होतंय, असं म्हणून ते झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बॅग घेऊन उभी. म्हणाली, "निघते रे, घरी कामं पडलीत."

तेच शब्द. काकांनी आग्रहासाठी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांचा सराव असून शब्द फुटेना.

त्यानंतर फोन व्हायचे. तब्येत, हवापाणी, पुन्हा तब्येत. पण हा "ये" म्हणेना आणि ती "येते" म्हणेना. काकांना लाज वाटायची, आणि लाजेला जितकं जुनं करावं तितकी ती जड होते. गेल्या आठवड्यात मात्र बोलता बोलता ते एकदम म्हणून गेले, "ताई, ये ना गं राहायला." पलीकडून ताई म्हणाली, "येते. पण एकच रात्र हं."

ती एकच रात्र काकांच्या जिवाला लागली. त्यांना आठ दिवस हवे होते. त्यांनी चार दिवस धंदा बंद ठेवला आणि स्वतःच केलेले बिघाड काढायला बसले. नळाला नवा वायसर घातला. घड्याळाची ठोक्याची तार सोडवली. उशी नवी आणली आणि दुकानातच तिच्यावर डोकं ठेवून पाहिलं, तेव्हा दुकानदार जरा लांब सरकला. खाटेच्या पायाला लाकडाचा तुकडा ठोकून पाणसळ लावली. काकू हे सगळं दारात उभी राहून बघत होती.

"अहो, एवढा घाट घालण्यापेक्षा ताईंना सरळ सांगून टाका, चुकलं म्हणून."

"हे सांगणंच आहे की," काका खाटेखालून म्हणाले.

"खाटेला ऐकू गेलं असेल. ताईंचं काय?"

काका बाहेर आलेच नाहीत.

ताई दुपारी आली. केस पुरते पिकलेले, बॅग या खेपेला अगदी छोटी. ती बॅग बघूनच काकांचा चेहरा उतरला. जेवण झाल्यावर ताई म्हणाली, "जरा पाठ टेकते," आणि आतल्या खोलीत गेली. काका दाराबाहेर श्वास रोखून उभे राहिले. नळ गप्प, घड्याळ गप्प. आणि मग आतून आवाज आला. डुग. डुग.

"पिटुकल्या!" अठ्ठावन्न वर्षांच्या काकांना या नावानं हाक मारणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. "इकडं ये. ही खाट हलतेय!"

"शक्यच नाही!" काका पाणसळ घेऊनच आत धावले. गुडघ्यांवर बसून त्यांनी खाटेखाली पाहिलं. त्यांच्या तुकड्याखाली आणखी एक तुकडा होता. गुळगुळीत घासलेली लाकडी पाचर, फरशीवर ओरखडा नको म्हणून खालून कापड चिकटवलेली. उंची बरोबर अर्धं बोट.

"हे कुठून आलं?"

"माझं आहे, पाठ टेकायच्या आधी न बघताच सरकवलं," ताई म्हणाली. "गेल्या खेपेला निघताना काडेपेटीच्या काडीनं माप घेतलं होतं. आमच्याकडच्या सुतारानं करून दिली." मग तिनं बॅगेतून एक पुरचुंडी काढून गादीवर सोडली. "हा दोरा. नळाच्या तोंडाला बांधला की थेंब त्यावरून उतरतो, आवाज होत नाही. हा कापूस कानांसाठी. उशी काही मावली नाही बाई."

"म्हणजे तुला सगळं..."

"पहिल्या तासातच कळलं. तुला लहानाचा मोठा कुणी केला?"

"मग बोलली का नाहीस? निघून का गेलीस?"

"पाहुण्यानं जावं म्हणून एवढी जय्यत तयारी केलेली. म्हटलं, पोराच्या मेहनतीवर पाणी कशाला पाडा?" ताई हसली आणि मग हसायची थांबली. "वाईट वाटलं रे. पण पाचर करून ठेवली. तू बोलावशील तेव्हा लागेल म्हणून."

सहा वर्षं ही पाचर ताईच्या कपाटात काकांच्या एका शब्दाची वाट बघत होती, आणि त्यांना तो शब्द जड झाला होता.

"चुकलं ताई," ते म्हणाले.

"बरं. आणि त्या वेळचा पाणचट चहा? तो कसा बनवलास?"

"चहा? चहाला मी काही केलं नव्हतं." काकांनी मागं वळून पाहिलं. दारातली काकू एकाएकी छताकडं बघू लागली होती.

"तो माझा होता," काकू पुटपुटली.

ताई इतकी हसली, की खाट पुन्हा डुगडुगली. काकांनी पक्कड आणली, स्वतःचा तुकडा उपटून काढला आणि त्या जागी ताईची पाचर बसवली. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. त्यांच्या तुकड्यावर सकाळी तो इतका नेमका थांबला नव्हता. धंद्यातल्या माणसाला हे झोंबलं, पण त्यांनी नुसती हातोडी उचलली.

"अरे, खिळा कशाला ठोकतोस? उद्या परत न्यायचीय मला ती."

"न्यायची नाही," काका खाटेखालून म्हणाले. "इथंच राहील ती. पुढच्या वेळी येताना बॅगेत जागा झाली, तर कपडे जास्त आण."

मग ताईनं काकूला हाक मारली.

"अगं, तुझी एखादी साडी दे मला उद्यासाठी. आणि परवासाठी पण."