वास आल्याशिवाय हात नाही

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात अकरावीला वायूंचा धडाच शिकवत होते. हातातला खडू ठेवला आणि निघाले. महिना होत आला, तो धडा अजून तिथेच अडलाय...

धामणगाव बढ्याच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत बाबा प्रयोगशाळा परिचर होते. काम काय, तर बरण्या पुसायच्या, नळ्या धुवायच्या आणि सर आले की बाजूला उभं राहायचं. पण माणसाला शिकवायची भारी हौस. सर रजेवर असले की बाबा वर्गाची दारं-खिडक्या लावून घेत, टेबलावर स्पिरिटची बाटली उघडत आणि म्हणत, "ज्याले वास आला त्यानं हात वर करा." बाटलीतले कण हवेच्या कणांना धडकत, वळत खोलीभर पसरतात, हे त्यांनी आम्हाला पुस्तकाआधी नाकानं शिकवलं.

मी त्याच शाळेत आठवीत असताना शाळेची तपासणी आली. मुख्याध्यापकांच्या हुकमावरून बाबांनी सगळ्या रिकाम्या बाटल्या घासून, पाणी भरून कपाटात मांडल्या. कपाट भरलेलं दिसलं पाहिजे ना! नेमके त्या दिवशी विज्ञानाचे सर आलेच नाहीत. तपासणीचे साहेब वर्गात येऊन शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसले आणि मुख्याध्यापकांनी बाबांनाच पुढे ढकललं. त्या वर्षी बढतीसाठी बाबांचं नाव वर जायचं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

बाबांनी गडबडीत कपाटातून स्पिरिटची म्हणून एक बाटली काढली आणि उघडली. पहिल्या बाकावरचे हात वर झाले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या... शिस्तीत, ओळीनं. मला कसलाच वास येत नव्हता, तरी मीही हात वर केला. बाबांची इज्जत होती ना! साहेब "वा!" म्हणाले, मुख्याध्यापकांचा चेहरा फुलला. बाबांनी मात्र बाटली नाकाशी नेली आणि तिथेच थबकले. गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं?

"साहेब, माह्यी चूक झाली," ते म्हणाले. "हे पाणी हाय. कपाटातल्या बाकीच्या बाटल्यांतबी पाणीच हाय." मग आमच्याकडे वळून, "नाक तुमचं हाय, मंग दुसऱ्याचा हात पाहून हात काऊन वर करता?"

बाबा शाळेच्या खिचडीघरातून हिंगाची डबी घेऊन आले, दार लावलं. "आता डोळे मिटा. घाई नाही." मी बोटांच्या फटीतून पाहत होते. या वेळी हात वेडेवाकडे वर झाले. मधल्या बाकावरचा आधी, पुढचा नंतर, खिडकीजवळचा कितीतरी उशिरा. "असंच असते," बाबा म्हणाले. "कण काही प्रार्थनेच्या रांगेत चालत नाहीत. पण थांबलं का शेवटच्या बाकापर्यंत पोचतेच." मला वास आला, मी हात वर केला. शेजारी पाहिलं, तर साहेबांनीही डोळे मिटून हात वर केला होता.

बढती काही मिळाली नाही. बाबा परिचर म्हणूनच निवृत्त झाले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज चार लोकांत सांगते की मी रसायनशास्त्र कोणाकडून शिकले, आणि सांगताना मान ताठ होते.

परवा घरी गेले. बाबांच्या खोलीत फळीवर तीच डबी होती, निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेली. दार-खिडकी लावली, डबी उघडून टेबलावर ठेवली आणि पार कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून बसले. हात वर करावा असं फार फार वाटलं... पण हिंग जुना झाला होता.

दाराबाहेरून आईनं विचारलं, "आला का वं वास?"

"नाही."

"मंग बस अजून. घाई नाही."

मी बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.