दोन बोटं उंच चूल

“बठ वं माय, काय घाई शे?” दारात पाऊल टाकलं की शेजारच्या मावशींचं हे ठरलेलं. स्वतः चुलीसमोर पाटावर ऐसपैस बसलेल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे उभ्याउभ्या काम उरकताच येत नाही.

म्हसावदला त्यांची-आमची भिंत एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून लेक आली की परसात उलटं खापर तापायचं आणि पुरणाचा मांडा मावशींच्या हातांवर फिरत कोपरापर्यंत वाढायचा. आमच्याही घरी चार यायचे. मी वासावर टपून असायचे, लपवायचं कशाला!

मग त्यांचे गुडघे गेले. पाय बाहेरच्या बाजूला पार वाकले. ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसणं कायमचं बंद.

“मंग मांडा काय आभायम्हा भाजू?” मावशी माझ्यावरच खेकसल्या. मग आवाज उतरला. “पोर आखाजीले ई अन् मांडा नही, मंग ते माहेर कसानं वं?”

तयारी सुरू झाली. कमोड बसला, मोरीत धरायला दांडा आला, पाय अडकू नये म्हणून सतरंज्या गुंडाळल्या. परसात विटांचा ओटा रचून त्यावर चूल मांडली, मावशींना उभं करून, त्यांच्या मापाने. मी पाट माळ्यावर टाकायला निघाले, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. कोणी उनं तं बठाले लागी.”

नंदुरबारहून ऑपरेशन करून आल्या. व्यायाम करताना रडल्या, मला शिव्याही घातल्या. आखाजीच्या तोंडावर चुलीपाशी उभ्या राहिल्या, तर खापराला हात पोचवायला वाकावं लागलं की! दोघी बघतच राहिलो. मग त्या खळखळून हसल्या. “अवं, मी तं उच्ची व्हई गऊ वं!”

पाय सरळ झाले होते. माप घेतलं होतं वाकड्या पायांवर. आम्हा दोन शहाण्यांना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीचा दोन बोटं थर चढवला. त्या आखाजीला लेक पोटभर जेवली.

यंदा मावशी नव्हत्या. आता लेक कशाला येते, असं मी धरूनच चालले होते. आखाजीला सकाळी परसातून मांड्यांचा वास आला. धावतच गेले.

लेक ठेंगणी. आईची चूल तिला उंच पडत होती, म्हणून पायाखाली तोच पाट घेऊन ती उभी होती. हातांवर मांडा फिरत होता.

“बठ वं काकू,” ती मागे न बघताच म्हणाली, “काय घाई शे?”

पाट तिच्या पायाखाली होता. मी डोळे पुसत उभीच राहिले.