शाई न घेणारा कागद

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो आणि मग स्वतःचाच राग येतो. निवृत्त अधिकारी आठवणी लिहायला बसला की त्यात तो स्वतः नेहमी हुशार असतो. या हकिकतीत मी हुशार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातले बरेचजण आता नाहीत, पण त्यांची मुलंबाळं त्याच गावांत राहतात.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नवा फौजदार, पुण्याकडचा. बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक झाली. तिथली बोली मला गावंढळ वाटायची आणि मी ते लपवतही नव्हतो. माझ्या हाताखाली एक जुने हवालदार होते, तिथलेच. हजेरी, ठाणे दैनंदिनी, कोठडीचा पहारा, सगळं तेच बघायचे. मी फक्त सह्या करायचो आणि आवाज चढवायचो.

एके दिवशी सकाळी कचेरीबाहेर दस्त लिहिणारे एक वृद्ध मुन्शी ठाण्यात आले. अक्षर असं की कोर्टातले कारकून त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. त्यांनी एक मोठ्या किमतीचा स्टॅम्पपेपर माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा कागद शाईच घेऊन नाही राह्यला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं टाक चालवतो मी. कागदाच्या मधोमध आलं का शाई फाकते. सरकारी कागद असा नसते."

मी कागद खिडकीकडे धरला. आत जलचिन्ह स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, "हे बघा, आहे की सगळं."

"दिसते तर बरोबर," मुन्शी म्हणाले. "पण त्या चिन्हावरच शाई फाकून राह्यली ना. काऊन फाकते, ते तुम्ही पाहा."

कागद सोनाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा होता. जमिनीचं खरेदीखत करायला तो आला होता. मी त्याला बोलावून घेतलं. तो घाबरून गेला होता. एसटी स्टँडवर एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने 'रांगेत काऊन उभं राह्यता, माह्यापाशी आहे' म्हणून कागद दिला, यापलीकडे त्याला काही सांगता येईना. माणूस पुन्हा दिसला तर ओळखीन, म्हणाला. पण कागदाच्या पाठीवर गावातल्या परवानाधारक स्टॅम्पविक्रेत्याचा रबरी शिक्का होता, क्रमांक होता, खाली सही होती. मला आणखी काय हवं होतं?

हा विक्रेता साठीचा गृहस्थ. कचेरीसमोर लिंबाखाली एक सतरंजी टाकून बसायचा. सगळा गाव त्याला स्टॅम्पवाले काका म्हणायचा. मी गेलो, वह्या जप्त केल्या, तिथेच बेड्या घातल्या. त्या दिवशी आठवडी बाजार होता. ठाण्याकडे जायला मागून एक बोळ होता, पण मी त्याला भर बाजारातून चालवत नेलं. गावाला कळायला हवं होतं की नवा फौजदार आला आहे. भाजीवाले उठून उभे राहिले, तराजू थांबले. म्हातारा मान खाली घालून चालत होता आणि मी छाती काढून.

वहीत त्या क्रमांकाची नोंद नव्हती. तो म्हणाला, "ज्या कागदाची नोंद माह्या वहीत नाही, तो माह्या हातून गेलाच नाही, साहेब."

"प्रत्येक चोर हेच म्हणतो. बनावट माल तू वहीत कशाला लिहिशील?" मी म्हणालो. हो, मी त्यांना 'तू' म्हणत होतो. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. मी मारहाण केली नाही, पण तेच ते प्रश्न विचारून माणूस पिळून काढायचा, ही माझी पद्धत. तिसऱ्या दिवशी मी टेबलावर पाच स्टॅम्पपेपर मांडले. चार उपकोषागारातून आणलेले, एक तो बनावट. म्हटलं, यातला तुझा कोणता, दाखव.

"चष्मा तुमच्यापाशी जमा आहे," ते म्हणाले. कोठडीत टाकताना अंगावरच्या वस्तू काढून घेतात, तसा चष्माही काढून घेतला होता. मी तो मुद्दाम दिला नाही. त्यांनी डोळे मिटले. एकेका कागदावरच्या छापावरून अंगठा आणि बोट फिरवलं. चौथ्या कागदावर थांबले आणि तो बाजूला सारला.

"हा नाही. खऱ्याची नक्षी बोटाले लागते. हा सपाट आहे."

तोच बनावट होता. मला वाटलं, सापडला! डोळे मिटून बनावट ओळखतो, म्हणजे बनवणारा हाच. मी आनंदाने केस डायरीत तसं लिहूनही टाकलं. हवालदार दाराशी उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा मला राग आला.

चौथ्या दिवशी बुलढाण्याहून कोषागाराचे एक अधिकारी जीपने आले. ठेंगणे, शांत, सतत पान खाणारे. मी त्यांना बोटांची गोष्ट अभिमानाने सांगितली. त्यांनी पान गालात सरकवलं.

"अहो, मीसुद्धा बोटानंच ओळखतो. मलाही टाका आत."

 मग त्यांनी मला कागद शिकवला. खरं जलचिन्ह छापलेलं नसतं. कागदाचा लगदा ओला असतानाच त्यावर चिन्हाची तार दाबतात. तिथे कागद पातळ होतो, म्हणून उजेड जास्त येतो. ते कागदाच्या अंगातच असतं, पुसता येत नाही. नक्षी कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून इतक्या दाबाने उमटवतात की शाईचा उठाव राहतो. गावच्या छापखान्यात तेवढा दाब येत नाही. आणि खोटं जलचिन्ह? तयार कागदावर तेलकट द्रव्याने ठसा मारतात. तेलाने कागद पारदर्शक होतो, उजेडात चिन्हासारखा दिसतो.

"म्हणूनच शाई फाकते," मी म्हणालो.

"तुमच्या मुन्शींनी तुमचं अर्धं काम पहिल्याच दिवशी केलंय," ते म्हणाले. त्यांनी जीपच्या टाकीतून नळीने थोडं पेट्रोल काढायला लावलं. कापसाचा बोळा भिजवून आधी खऱ्या कागदावर फिरवला. पेट्रोल उडून गेलं, चिन्ह जागच्या जागी. मग बनावट कागदावरच्या चिन्हाच्या एका टोकावर फिरवला. तेवढा भाग आमच्या डोळ्यांदेखत पुसट होत नाहीसा झाला.

जाताना ते म्हणाले, "ज्या माणसाला नुसता हात लावून खोटा कागद कळतो, तो त्यावर स्वतःचा शिक्का मारून विकेल का? विचार करा फौजदारसाहेब." आणि जीप निघून गेली.

मी विचार केला नाही. मी घाबरलो. उद्या कोठडी संपणार, म्हाताऱ्याची रवानगी जेलात होणार, आणि ती माझ्या कागदांवरून होणार. त्यांनी दोन दिवसांपासून जेवणाला हात लावला नव्हता. त्यांची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची आणि डबा तसाच परत न्यायची. तिने मला एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी हवालदारांनी काकांना चहा नेऊन दिला. कोठडीच्या गजांबाहेर उकिडवे बसले आणि गप्पा माराव्यात तसं विचारलं, "काका, तुमचा हा रबरी शिक्का कुठून करून आणला व्हता?"

काका म्हणाले, "नांदुऱ्याहून. तिथल्या एका छापखान्यात केला. पहिला झिजला तवा दुसराबी तिथूनच."

चार दिवस मी ओरडत होतो आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. लगेच झडतीचं वॉरंट घेतलं, नांदुरा ठाण्याची मदत घेतली, दोन पंच बरोबर घेतले आणि छापखान्यावर गेलो.

स्टेशनकडच्या रस्त्यावरचा लहानसा छापखाना. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या खिळ्यांचे कप्पे, दोरीवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका. मालक पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलणं मऊ. "पाहा ना साहेब, सगळं पाहा," म्हणून त्याने स्वतःच कुलपं उघडून दिली. आम्ही कप्पे उपसले, शाईचे डबे उघडले, फरशी ठोकून पाहिली. काही नाही. मागच्या अंगणात ताजी राख होती, पण राखेतून पुरावा कसा काढणार? घड्याळात सहा वाजले. उद्या म्हाताऱ्याला कोर्टात उभं करायचं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं.  पंच जांभया देत होते. मी 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही' असा पंचनामा लिहायला घेतला.

एक पंच नांदुऱ्याचाच धान्याचा व्यापारी होता. निघताना त्याने सवयीने मशीनमागच्या देवळीतल्या गणपतीला हात जोडले. हवालदारांनी तिकडे पाहिलं. मूर्तीच्या मागे हळदकुंकवाने माखलेल्या कागदांची एक चवड होती.

"हे काय हो?" त्यांनी विचारलं.

"देवाचं आहे ते," मालक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा बदलला.

पंचाने भाबडेपणाने सांगितलं, "यांच्या छापखान्यात रिवाजच आहे साहेब. कोणतंबी नवं काम निघालं का पहिला चांगला कागद देवाले. माह्या पोरीच्या पत्रिकेचा बी इथंच ठेवला व्हता."

मी हात पुढे केला. हवालदारांनी माझं मनगट धरलं. वरिष्ठाचं मनगट! "थांबा साहेब," म्हणाले. त्यांनी चामड्याचा पट्टा सोडला, बूट काढले, अंगणातल्या रांजणावर हात धुतले आणि चवड दोन्ही हातांनी खाली घेतली. एकेक कागद पंचांसमोर उलगडला. लग्नपत्रिका, सर्कशीची जाहिरात, अडत्याचं पावतीपुस्तक, पुन्हा पत्रिका. आणि मग कोऱ्या पाठीचा, मोठ्या किमतीचा एक स्टॅम्पपेपर, वर हळदीची दोन बोटं.

मालक खाली बसला. मी त्याच्यावर ओरडलो नाही, माझ्यात तेवढा जीवच उरला नव्हता. विचारलं, "सगळं जाळलंस, हा का ठेवलास?"

"देवाले वाह्यलेलं कसं जाळू, साहेब? हात झाला नाही," तो म्हणाला.

सरकारला फसवताना त्याचा हात कचरला नव्हता. माणसं अशी असतात, आणि मी ती तोपर्यंत पाहिली नव्हती. त्याने पुढे सगळं सांगितलं. शिक्का, सही, सगळं काकांच्या जुन्या शिक्क्याच्या साच्यावरून आणि एका खऱ्या कागदावरून उचललं होतं. पांढऱ्या कपड्यातला दलाल दोनच दिवसांत सापडला. त्या शेतकऱ्याने त्याला पाच माणसांतून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कलम १६९ चा, म्हणजे पुरावा नसल्याने सोडून देण्याचा, अहवाल दिला. काका सुटले. मी त्यांना चष्मा आणि वह्या परत केल्या, पोचपावती घेतली आणि म्हणालो, "हवालदार तुम्हाला मागच्या बोळातून घरी सोडतील."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर लावला आणि पहिल्यांदा मला नीट पाहिलं.

"मले नेलं कुठून व्हतं?"

"बाजारातून."

"मंग तसंच परत घेऊन चाला. येत्या बाजाराच्या दिवशी. तुम्ही सोता."

माझं डोकं तापलं. पोलीस अधिकाऱ्याला कुणी असं सांगतं? मी हवालदारांकडे पाहिलं, त्यांनी तोंड फिरवलं. बाजाराला तीन दिवस होते. ते तीन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. मी दोनदा ठरवलं, जायचं नाही. तिसऱ्या दिवशी गणवेश घालून त्यांच्या दारात उभा राहिलो.

त्यांना पकडलं होतं तिथून, कचेरीपासून, आम्ही निघालो. मी एक पाऊल मागे चालत होतो, मुद्दाम. पुन्हा तराजू थांबले. एक भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "पुन्हा धरला व माय म्हाताऱ्याले."

काका जागेवर थांबले. माझ्याकडे न पाहता नुसते उभे राहिले. मला कळलं की आता माझी पाळी आहे.  मी म्हणालो, "यांनी काहीही केलेलं नाही. चोर दुसरे होते, ते सापडले. मी चुकीच्या माणसाला धरलं. चूक माझी आहे." आवाज माझा मलाच परका वाटला.  भाजीवालीने पदर तोंडाला लावला.

"आता तुम्ही जा," काका म्हणाले. "पुढं मी एकटा जातो." आणि गेले, बाजाराच्या त्या टोकापर्यंत, सावकाश, मान वर करून. मला तेव्हा हलकं वाटलं. वाटलं, फिटलं सगळं.

फिटलं नव्हतं. अटकेमुळे थांबवलेला परवाना त्यांना परत मिळाला, लिंबाखाली सतरंजी पुन्हा पडली. पण मी तिथे असेपर्यंत रोज बघत होतो. गिऱ्हाईक स्टॅम्प घ्यायचं, दोन पावलं जायचं आणि कागद उन्हाकडे धरून बघायचं. आधी त्या माणसाकडचा कागद कुणी कधी उन्हाला धरला नव्हता.  त्या वेळी काका वहीत डोकं घालून नोंद करत राहायचे.

पुढे नोकरीत मी पुष्कळ माणसं पकडली. खरी, खोटी, काही पक्की बदमाश. पण बाजारातून कुणालाही नेलं नाही. कनिष्ठ अधिकाऱ्यांना मी पुरावा कसा जमवायचा हे शिकवलं, तेव्हा हेही सांगितलं की सुटकेचा अहवाल लिहिला की आपलं काम संपतं, त्या माणसाचं संपत नाही. काही जण हसायचे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वयात मीही हसलो असतो.